आधी वायर, माणूस शेवटी

एस्तर गावित खोली बघायला आली तेव्हा तिने नळ सोडून पाहिला नाही, भाडं विचारलं नाही, की खिडकी कुठे उघडते तेही पाहिलं नाही. पिशवीतून होल्डरला दोन वायरी जोडलेला एक बल्ब काढला आणि भिंतीतल्या प्रत्येक सॉकेटमध्ये त्या वायरी घालून पाहिल्या. मग दगाजीआबांना, म्हणजे आमच्या घरमालकांना, शांतपणे म्हणाली, "अर्थिंग नाही तुमच्याकडे. हे तिसरं भोक नुसतं शोभेला आहे."

दगाजीआबा मूळचे शहाद्याकडचे, बोलणं अहिराणी. अक्कलकुव्यात हायवेवर त्यांचं टायरचं दुकान आणि मागे हे घर. वरच्या दोन खोल्यांपैकी एकीत मी राहायची. आबांना राग आला. "बाई, इतला वरीस व्हयनात, आठे कोनले शॉक लागना नही."

"लागला नसेल," ती म्हणाली. "मला लागायला नको."

आणि खरोखरच तिने राहायला येण्याआधी अंगणात खड्डा खणून घेतला, त्यात कोळसा आणि मीठ भरायला लावलं, तांब्याची पट्टी पुरून घेतली. एवढं झाल्यावर पुन्हा बल्ब लावून पाहिला. तो पेटला. मग ती खोलीत आली.

ती आमच्याच शाळेत विज्ञान शिकवायला आली होती, मी मराठी शिकवायची. ती नवापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरचे शेतकरी, रविवारी चर्चला जाणारे. घरात त्यांची बोली, शाळेत मराठी, सुरत जवळ म्हणून गुजराती, असं तिचं सगळं एकत्र होतं. मराठी बोलताना ती शब्द तोलून टाकायची, जणू चुकीचा शब्द गेला तर कुणीतरी पकडेल. मला ताई म्हणायची. पण पहिले कितीतरी दिवस तिने माझ्या हातचा चहाही घेतला नाही. नंतर एकदा कारण सांगितलं. "तुम्ही इतक्या लगेच चहा का विचारला, ते कळत नव्हतं."

सामान आलं तेव्हा भांड्यांपेक्षा खोकीच जास्त होती. त्यातून तिने कंप्युटर उभा केला. त्याचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर खेळाची चित्रं उमटवणारा भाग, तिने सुरतेहून जुनं विकत आणलं होतं. बसवण्याआधी ती ते नाकाशी नेऊन वास घेत बसली. मी विचारलं, वासावरून काय कळतं?

"कुणी रात्रंदिवस राबवून विकलंय का ते. जळका वास पुसून जात नाही." मग पंख्याचं पातं बोटाने फिरवून म्हणाली, "विकणारा फार हसत होता. म्हणून बघते."

तो कंप्युटर लिनक्सवर चालायचा. ते काय असतं मला माहीत नव्हतं. आमच्या शाळेत आणि साऱ्या गावात विंडोजच. एस्तरने सांगितलं की नवापूरला असताना बाजारातून आणलेल्या चोरट्या सीडीवरून तिने विंडोज घातलं होतं, त्यातून व्हायरस आला आणि घरचे सगळे फोटो गेले. तेव्हापासून ती लिनक्सवर. "याच्या आत काय चाललंय ते वाचता येतं, ताई. मी सगळं वाचत नाही. पण वाचता येतं, हे बरं वाटतं."

संध्याकाळी शाळेतून आली की ती गेम खेळायची. पस्तिशीची बाई, कानाला हेडफोन, हातात माउस. आबांना ते पटत नव्हतं. आणि गेमपेक्षाही गेम चालेनासा झाला की जे चालायचं त्याने ते जास्त घाबरायचे. तेव्हा पडद्यावर फक्त काळोख असायचा आणि त्यातून पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरकत जायच्या. एकदा उघड्या दारातून त्यांनी ते पाहिलं आणि मला जिन्यात गाठलं.

"मॅडम, ती काय करस त्या खोलीमा? काया पडदा, धवळा अक्षरे. पोलीसनं लफडं तं नही ना?"

मी नाही म्हणाले, पण मलाही नक्की माहीत नव्हतं. रोज पेपरात ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या असायच्या. या बाईचं घराबाहेर कुणाशी येणंजाणं नाही, फोन क्वचित वाजतो, आणि एवढी महागडी यंत्रणा. खरं सांगायचं तर मीही तिच्या दारावरून जाताना जरा हळू चालायची.

माझा तिच्यावर विश्वास बसला तो शाळेच्या स्नेहसंमेलनात. पाहुणे मंचावर बसलेले आणि प्रोजेक्टर चालेना. मुख्याध्यापक शिपायावर ओरडले, शिपाई दहावीच्या मुलांकडे बोट दाखवू लागला. एस्तर कुणाशीही न बोलता टेबलाखाली गेली, एक वायर काढून दुसरी लावली. चित्र आलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, कुणी केलं होतं? ती म्हणाली, "उंदराने, सर." वायर कुरतडलेली होती.

घरी परतताना मी तिला म्हटलं, तू एवढी संशयी, पण मुलांवर संशय नाही घेतलास. त्यावर तिने तिचा नियम सांगितला. "आधी वायर बघायची. मग ड्रायव्हर. मग डिस्ट्रो. माणूस सगळ्यात शेवटी." मला समजावं म्हणून तिने पुढे सांगितलं: ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि कंप्युटर यांच्यामधला दुभाषी, तो बिघडला की दोघंही ठीक असून पडदा काळा. आणि डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचं एकेक घराणं, प्रत्येकाची राहणी वेगळी. एक रोज नवं मागतं, एक वर्षानुवर्षं जागचं हलत नाही.

"आणि माणूस शेवटी का?"

जीपस्टँडवर मोलगीच्या जीपा भरत होत्या, पोरं टपावर चढत होती. तो गलका मागे पडल्यावर ती म्हणाली, "एकदा मी माणसापासून सुरुवात केली होती."

तिचा धाकटा भाऊ शमुवेल, घरचे त्याला शमू म्हणत. दोघांनी नवापूरच्या एका सायबर कॅफेत एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे बसून गेम शिकलेले. पुढे एस्तर शिक्षिका झाली, शमू गावी आई-वडिलांजवळ राहिला. वडील आजारी पडले आणि दवाखान्यात पोचायला उशीर झाला. ते गेले. मातीच्या दिवशी, साऱ्या नातेवाइकांसमोर, एस्तर भावाला म्हणाली, "तू उशीर केलास. मुद्दाम केलास." तो काही बोलला नाही. थोड्याच दिवसांत लग्न करून सुरतेला गेला, एका कापड गिरणीत मशिनं दुरुस्त करायला लागला. त्यानंतर दोघांचं बोलणं नाही.

"नंतर कळलं," एस्तर म्हणाली. "बाबांनीच जायला नकार दिला होता. तो पाया पडत होता त्यांच्या. डॉक्टरांनी सांगितलं मला."

"मग त्याला फोन केलास?"

"काय म्हणून करू? चूक वायरीत होती आणि मी माणूस धरला, असं सांगू?"

घरी पोचल्यावर तिने मला तिच्या खोलीत नेलं आणि तिच्या खेळातली गोष्ट सांगितली. तोवर ती कुणालाच ठाऊक नव्हती.

त्या खेळात मारामारी फारशी नसायची. एक जंगल, नदी, डोंगर. लाकूड तोडायचं, घर बांधायचं, रात्री जनावरांपासून स्वतःला वाचवायचं. जगातले कितीतरी लोक एकाच वेळी त्यात असायचे. एके दिवशी तिला तिथे एक निरोप आला, "सोबत खेळू?" नाव तेच, सायबर कॅफेत असताना शमू वापरायचा ते. तिने हो म्हटलं. त्या दिवसापासून दोघे रोज संध्याकाळी त्या जंगलात भेटायचे. बोलायचे नाहीत. फार तर "ये", "थांब", एवढंच टाइप करायचं. ती झाडं तोडायची, तो लाकडं रचायचा. घर उभं राहत होतं.

मी म्हटलं, मग छानच आहे की.

"तो शमू नाही, ताई," ती म्हणाली.

तिने मला खुर्चीवर बसवलं आणि पडदा दाखवला. नदीकाठी एक लाकडी घर होतं. त्याच्या भिंतीला टेकून लाकडांची रास, एकावर एक, टोकं जुळवून. दाराशी पिवळ्या फुलांची ओळ. "शमूने जन्मात लाकूड असं रचलं नाही. तो फेकायचा. आणि फूल तर त्याने कधी लावलंच नाही."

"माणूस बदलतो."

"बदलतो. म्हणून विचारलं मी." तिने त्याला टाइप करून प्रश्न टाकला होता, आपल्या शेळीचं नाव काय होतं? लहानपणी घरी एक शेळी होती, तिच्या पिल्लाला शमू जवळ घेऊन झोपायचा. उत्तर बरोबर आलं, चांदी. "पण उशिरा आलं. शमूला चांदीचं नाव आठवावं लागत नाही. यानं कुणाला तरी विचारून सांगितलं."

मी घाबरून म्हटलं, पोलिसांत जा. कुणीतरी तुझ्या भावाचं नाव लावून तुझ्याकडून काहीतरी काढून घेणार आहे.

"इतके दिवस लाकडं रचणारा चोर?"

"विश्वास बसावा म्हणून रचत असेल."

"हो," ती म्हणाली. "तेही मी धरलंय."

तिने त्या अनोळखी माणसाला ना गाव सांगितलं, ना शाळा, ना नंबर. तरी रोज संध्याकाळी ती जायची. त्याने रचलेल्या लाकडांवर चूल पेटवायची.

उन्हाळ्यात, गावातल्या अंगणांत आमचूर वाळत पडलं होतं आणि सगळीकडे आंबूस वास सुटला होता, तेव्हा तो खेळ अचानक बंद पडला. सुरू व्हायचा, जंगलाचं चित्र यायचं, आणि आत पाऊल टाकताच बाहेर फेकून द्यायचा. एस्तरने तिच्या नियमाप्रमाणे सुरुवात केली. वायर बदलली. कार्ड काढून आमचुराची धूळ ब्रशने झाडून पुन्हा बसवलं. नव्या ड्रायव्हरवर संशय होता, म्हणून जुना परत घातला. त्याने पडदाच काळा झाला. मग सुरू होतानाच आधीचा कर्नेल निवडला, म्हणजे लिनक्सचा गाभा एक पायरी मागे नेला, तेव्हा पडदा उजळला, पण खेळ आत घेईना. शेवटी वेगळ्या डिस्कवर वेगळी डिस्ट्रो टाकली. शाळेतून आल्यावर जेवणही न करता ती त्या पांढऱ्या ओळी वाचत बसायची. मी ताट नेऊन ठेवायची. आता माझ्या हातचं ती न विचारता खायची.

मग एका संध्याकाळी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. चेहरा उतरलेला.

"सापडलं," म्हणाली. "माझ्याकडे काही बिघाड नाही. खेळवाल्यांनीच दार लावलंय."

खेळात लबाडी करणारे खूप झाले होते, म्हणून कंपनीने एक पहारेकरी प्रोग्राम बसवला होता. तो खेळणाऱ्याच्या कंप्युटरच्या अगदी गाभ्यात बसून सगळं बघणार. विंडोजवाल्यांना तो चालत होता. लिनक्सवाल्यांना सरसकट मनाई. देशोदेशीचे लोक इंटरनेटवर हीच तक्रार करत होते.

"म्हणजे तुला चोर समजतात?"

"मी लिनक्सवर आहे म्हणून." ती हसली, पण ते हसू नव्हतं. "बरोबर आहे त्यांचं. ओळख नसलेल्याला कशाला घ्यायचं आत?"

विंडोज घाल, एवढं सोपं मी तिला सांगितलं. तिने एक रिकामी डिस्क आणूनही ठेवली. ती टेबलावर तशीच पडून राहिली. "माझ्या घरात एक माणूस येणार, सगळ्या खोल्या बघणार, आणि काय बघितलं ते मला सांगणार नाही. असा माणूस मी आत घेऊ?" पण दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना तीच विचारायची, "ताई, तो तिथे वाट बघत असेल का?" कोण तो, हे तिला माहीत नव्हतं. तरी ती डिस्क हातात घ्यायची आणि खाली ठेवायची. मी तिला इतकं हवालदिल कधी पाहिलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी दगाजीआबांनी मला खालून हाक मारली. जिन्याच्या खालच्या पायरीवर एक तरुण बाई बसली होती, डोक्यावर ओढणी, मांडीवर पिशवी. आबा तिच्यासमोर वाट अडवून उभे होते.

"कोनी बाई ऊनी शे. गावितबाईले भेटनं म्हनस, पन नाव सांगत नही. माले काय ठीक वाटत नही."

"नाव त्यांनाच सांगेन," ती बाई म्हणाली. सुरतेच्या बसमधून उतरली होती, चेहऱ्यावर धूळ होती.

एस्तर वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली. तिने त्या बाईकडे पाहिलं, तिच्या पिशवीवरचं सुरतेच्या दुकानाचं नाव वाचलं. मग एस्तरने विचारलं, "लाकडं तूच रचत होतीस?"

बाईने मान हलवली. ती रूथ, शमूची बायको. एस्तरने तिला कधी पाहिलेलंच नव्हतं. लग्नाला ती गेली नव्हती.

वर खोलीत आल्यावर रूथ पाणी प्यायली आणि सांगायला लागली. शमूच्या जुन्या नावाचा पासवर्ड तिला माहीत होता. नणंद त्या खेळात असते हे शमूनेच कधीतरी तिचं नाव बघून सांगितलं होतं. तो स्वतः निरोप पाठवेना, म्हणून रूथने पाठवला. तिला खेळ येत नव्हता, शिकली. एस्तर खेळात दिसेनाशी झाल्यावर तिला आधी वाटलं रागावल्या असतील, मग वाटलं आजारी असतील. फोनवर सगळं सांगणं जमलं नसतं. म्हणून नवापूरला सासूकडून पत्ता मागवला आणि आली.

"मला वाटलं तुम्ही हाकलून द्याल," रूथ म्हणाली. "मी खोट्या नावाने आले होते."

"तू तो नाहीस हे मला पहिल्या आठवड्यात कळलं होतं."

"मग खेळत का राहिलात, ताई?"

एस्तर पदराशी चाळा करत होती. शेवटी म्हणाली, "मी तोडलेलं लाकूड कुणीतरी रचून ठेवत होतं."

मी उठून जायला लागले तर एस्तरने माझा हात धरला. बस म्हणाली.

"आणि चांदी?" तिने रूथला विचारलं. "ते नाव तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. ते माझ्या शेजारीच बसायचे रोज. माउसला हात लावायचे नाहीत. नुसते सांगायचे, तिकडे नको नेऊ तिला, तिकडे पाणी आहे, ती पाण्याला घाबरते."

एस्तरने तोंड फिरवलं. रूथने पिशवीतून फोन काढला, नंबर लावला आणि तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला. पुढचं बोलणं त्यांच्या बोलीत झालं. मला सगळं कळलं नाही, पण फार बोलणं नव्हतंच. नंतर एस्तरने सांगितलं. तिने विचारलं होतं, "शमू, चांदीचं नाव सांगायला इतका वेळ का लागला तुला?" आणि तिकडून तो म्हणाला होता, "आठवायला नाही लागला. सांगावं का, ते ठरत नव्हतं."

मग ती म्हणाली, बाबांचं मला कळलंय. तो म्हणाला, मला वाटलंच होतं, डॉक्टर बोलल्याशिवाय राहणार नाही.

तो खेळ एस्तर पुन्हा खेळली नाही, आणि विंडोजही तिने घातलं नाही. लिनक्सला आत घेणारा दुसरा एक खेळ तिघांनी शोधला. नंतर शमूनेही आपल्या कंप्युटरवर लिनक्स टाकलं आणि कोणती डिस्ट्रो चांगली यावरून भाऊ-बहिणीची फोनवर अशी भांडणं व्हायला लागली की आबा पुन्हा जिन्यात भेटले. "आते काय व्हयनं? भांडन चालू शे का?" मी म्हटलं, हो आबा, घरचं आहे. त्यांचं समाधान झालं. घरचं भांडण त्यांना कळत होतं.

पुढच्या वर्षी तिला नवापूरकडे, आईच्या गावापासून जवळच्या शाळेत, नोकरी मिळाली. तिला न्यायला शमू टेंपो घेऊन आला. उंच, अबोल, बहिणीसारखाच बारीक डोळे करून बघणारा. खोकी त्याने एकट्याने उतरवली, गाडीत लावली आणि दोरीने आवळून बांधली. मग बाजूला सरकून तिला म्हणाला, "बघून घे."

एस्तरने प्रत्येक गाठ ओढून पाहिली. एक गाठ तिला पटली नाही. ती तिने सोडली आणि नव्याने बांधली. तो शेजारी उभा राहून दोरीचं टोक धरून होता, तिला लागेल तसं ढिलं देत होता.